बाबा पाडेली होते, मग माझ्या हातात जोर का नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही समजावं म्हणून थोडक्यात मांडते: वय ३४, मूळ डिचोलीकडचे, पणजीत ऑफिसची नोकरी, वजन ६२ किलो. बाबा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, उमेदीत दिवसाला तीस-पस्तीस माड चढून उतरायचे, थोरला भाऊ गावीच राहून कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, बघतो आणि त्याने नुसता हात मिळवला तरी बोटं दुखतात. तुम्ही दोन वर्षं जिमला जाताय तरी ग्रिपच्या यंत्रावर उजव्या हाताचे ३१ किलोच येतात. घरचे म्हणतात "रगतांतूच आसूंक जाय", रक्तातच असावं लागतं, तुमच्यात आईकडचं उतरलंय. जिममधल्या ट्रेनरने बारा हजारांची जीन टेस्ट करायला सांगितलीय, आणि सहा वर्षांचा मुलगा आहे त्याचं पुढे काय ही काळजी. म्हणजे प्रश्न असा की ताकद रक्तातून येते की घरातून?

मी फोंड्यात २३ वर्षं फिजिओथेरपी करते, माझ्याकडे पाडेली येतात, सुपारी सोलणाऱ्या बायका येतात, खाणीवर ट्रक चालवलेले ड्रायव्हर येतात आणि तुमच्यासारखे दहा तास खुर्चीत बसणारेही येतात. त्यामुळे हा प्रश्न मला नवीन नाही, पण यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत ते आधी सोडवायला हवेत. एक, माणसामाणसांत ताकदीचा फरक का असतो. दोन, मी स्वतः आत्ता आहे तिथून किती वर जाऊ शकतो. लोक पहिल्याचं उत्तर घेऊन दुसऱ्यावर चिकटवतात आणि तिथेच घोळ होतो.

पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी माहीत आहे. एकाच बीजाची जुळी आणि वेगवेगळ्या बीजांची जुळी यांची तुलना करून हे काढतात, दोन्ही जोड्या एकाच घरात वाढतात पण पहिल्या जोडीत जीन्स जवळपास सारखी असतात, दुसऱ्या जोडीत साध्या भावंडांएवढी. अशा बऱ्याच अभ्यासांचा मिळून सूर असा की हाताच्या पकडीसारख्या ताकदीत लोकांमधला जो फरक दिसतो त्यातला साधारण निम्मा वाटा अनुवंशिक आहे. म्हणजे गावची माणसं पूर्ण चुकीचं बोलत नाहीत, खाण तशी माती यात तथ्य आहे. हाडाची लांबी, मनगटाची रुंदी, स्नायूचा कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, सांध्यापासून किती लांब चिकटलाय, जलद आकुंचन पावणारे तंतू किती, हे बरंचसं जन्मतःच ठरून येतं, आणि कंडरा थोडा जरी पुढे चिकटलेला असेल तरी तेवढ्याच स्नायूत जास्त वजन उचललं जातं. हे व्यायामाने बदलत नाही.

पण निम्मा वाटा म्हणजे तुमच्या ३१ किलोंपैकी साडेपंधरा बाबांकडून आले असा अर्थ नाही. आपल्याकडच्या भाताचं बघा. खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारं पाणी शिरलं तर जया हे सुधारित भात उभं राहत नाही, कोरगुट हे गावठी भात तग धरतं. तेच गोड्या पाण्याच्या चांगल्या शेतात लावलंत तर जया कोरगुटापेक्षा कितीतरी जास्त देतं. मग चांगलं बी कुठलं? शेत कुठलं ते सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. आणि सगळ्या गावाला एकसारखं पाणी, एकसारखं खत मिळालं तर शेवटी उरणारा फरक जवळजवळ सगळा बियाचाच दिसेल, म्हणून काय खताचं काम संपलं असं कोणी म्हणत नाही. अनुवंशिकतेचा आकडा अगदी तसाच आहे, तो त्या वेळच्या त्या लोकांमधल्या फरकाबद्दल बोलतो, एका माणसाच्या मर्यादेबद्दल नाही.

आता जीन टेस्ट. करू नका, बारा हजार वाचवा. ताकदीची अशी एक जीन नसते. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या तीन लाखांहून जास्त लोकांच्या पकडीचा अभ्यास आला, त्यात जीन्समधली ६४ ठिकाणं सापडली आणि लोकांमधल्या फरकात त्या सगळ्यांचा मिळून वाटा अगदी थोडा, दोन टक्क्यांच्याही आत. टेस्टवाले सगळ्यात जास्त नाव घेतात ते एसीटीएन३ चं, तिला स्पीड जीन म्हणतात. त्या जीनपासून जलद तंतूंमधलं एक प्रोटीन बनतं आणि जगात साधारण दर पाच-सहा माणसांमागे एकाच्या शरीरात ते बनतच नाही, ती माणसं मजेत चालतात-फिरतात, कामं करतात. ऑलिम्पिकच्या धावपटूंमध्ये फरक दिसतो हे खरं, पण तुमच्या-माझ्यासारख्यांत त्या एका जीनने एक-दोन टक्केच फरक स्पष्ट होतो. एकाच जीनने सगळं पालटण्याची उदाहरणं आहेत, मायोस्टॅटिन नावाचं प्रोटीन स्नायूंची वाढ रोखून धरतं, १९९७ मध्ये उंदरांत ती जीन बंद केल्यावर स्नायू दुप्पट-तिप्पट झाले आणि २००४ मध्ये जर्मनीतल्या एका मुलात तसाच नैसर्गिक बदल सापडल्याचं प्रसिद्ध झालं, पण ते इतकं दुर्मिळ आहे की जिमवाल्याच्या टेस्टमध्ये ते निघेल म्हणून पैसे घालवण्यात अर्थ नाही. रिपोर्ट चांगला आला काय, वाईट आला काय, तुम्हाला उद्या करायचा व्यायाम तोच राहणार आहे.

आता घराचा भाग, ज्यावर मला जास्त बोलायचंय.

बाबांकडून भावाला फक्त रक्त नाही मिळालं. सकाळी सहाला भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, जाणं मिळालं, नारळाच्या पाट्या उचलणं मिळालं, बावीतून (विहिरीतून) पाणी ओढणं, माडाची झावळं ओढत आणणं, सगळं दहा-बारा वर्षांचा असल्यापासून. तुम्ही लिहिलंय की तुम्ही अभ्यासात हुशार म्हणून तुम्हाला कामाला लावलं नाही, पाचवीपासून मावशीकडे म्हापशाला ठेवलं. हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात पण माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यात आहे. आई-बाप तेच, बालपण वेगळं.

माझ्याकडे फोंडा तालुक्यातलेच दोन सख्खे भाऊ आले होते, वयात दीड वर्षाचं अंतर. धाकट्याला लहानपणीच मामाने मुंबईला नेलेलं. दोघांचे हात टेबलावर शेजारी ठेवले तर मनगट सारखं, बोटांची लांबी सारखी, अंगठ्याचा बाकसुद्धा तोच. थोरल्याची पकड ४६, धाकट्याची ३३. धाकट्याने पाच महिने नीट व्यायाम केला, तो ४१ वर आला. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण ते दोन हात शेजारी बघितल्यापासून "रक्तात नाही" हे वाक्य मी कोणत्याही पेशंटच्या बाबतीत मान्य करत नाही.

अजून एक. बाबांची ताकद म्हणून तुम्ही जे बघितलं ते ताकद आणि कसब यांचं मिश्रण आहे. एका पाडेलीची पकड मी मोजली होती, वय ५८, ४८ किलो, तळहाताची कातडी इतकी जाड की चिमटीत धरता येईना. पण त्यालाच दहा-दहा किलोची डंबेल डोक्यावर ढकलायला दिली तर तिसऱ्या वेळी हात थरथरायला लागले, कारण चाळीस वर्षं त्याने ओढलंय, वर ढकललेलं नाही. शरीर जे काम रोज करतं त्यातच तयार होतं. व्यायामाच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जी ताकद वाढते तीसुद्धा मुख्यतः स्नायू मोठा झाल्यामुळे नसते, मेंदू आणि नसा त्या स्नायूला नीट कामाला लावायला शिकतात म्हणून असते. बाबांचं हे शिक्षण रोजच्या रोज चालू होतं.

मग मोठेपणी घराचा वाटा किती? जुळ्यांच्या अभ्यासात बघाल तर प्रौढ वयात "एकाच घरात वाढलो" याचा स्वतंत्र वाटा बहुतेक वेळा कमी निघतो, लहानपणी जास्त असतो आणि माणूस स्वतःचं आयुष्य जगायला लागला की तो फिका पडतो. व्यायामाच्या सवयीचंही तसंच आहे, शाळकरी वयात घरचं वळण चालतं आणि मोठेपणी ज्याचा त्याचा कल. पण माझं मत असं की हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे आणताना सांभाळून राहावं. ते अभ्यास बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या घरांचे आहेत, तिथे घराघरांत खाण्यापिण्याचा एवढा मोठा फरक नाही. आपल्याकडे एका घरात पोराला रोज अंडं, दूध, मासे मिळतात आणि दुसऱ्या घरात पेजेवर दिवस निघतो, तिथे घराचा वाटा मोठाच असणार.

आणि घर जन्माआधीच सुरू होतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास केला, ती सरासरी २.७ किलोची होती आणि इंग्लंडमधली ३.५ किलोची. विशेष म्हणजे आपली बाळं बारीक असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी पडले होते ते स्नायू. आणि जगभरचे अभ्यास एकत्र केले तर जन्माच्या वेळचं वजन एक किलोने जास्त असलेल्या माणसांची मोठेपणीची पकड सरासरी ०.८६ किलोने जास्त निघते. हा फरक आयुष्यभर पुरतो पण तो लहान आहे हेही बघा, एक किलोसुद्धा नाही. तुम्ही आठव्या महिन्यात झालात असं आईने सांगितलं म्हणून तुम्ही घाबरलात, त्याने तुमचे ३१ स्पष्ट होत नाहीत.

म्हणून आता ते ३१. आधी ते खरे आहेत का बघा. जिममधली स्वस्त यंत्रं सर्रास चुकतात, आणि मोजायची पद्धतही हवी: बसून, कोपर अंगाला लागून काटकोनात, मूठ दांड्यावर नीट बसेल असं अंतर लावून, तीनदा दाबायचं आणि मध्ये एक-एक मिनिट थांबायचं, त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेली धोक्याची रेषा पुरुषांना २८ किलो आणि बायकांना १८, आणि ती मुख्यतः म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. ३४ व्या वर्षी ३१ म्हणजे आजार नाही, पण रेषेपासून फार लांबही नाही, आणि याच वयात पकड सगळ्यात चांगली असायला हवी. त्यामुळे तुम्ही काळजी करताय ते योग्यच आहे, फक्त दोष चुकीच्या ठिकाणी देताय.

तुमची दोन वर्षं कशी गेली ते तुम्हीच लिहिलंय: चाळीस मिनिटं ट्रेडमिल, मग पाच मशिनवर बारा-पंधरा वेळा, आणि वजन "पहिल्यापासून साधारण तेवढंच". स्नायूला जास्त काही मागितलंच नाही तर तो वाढणार कशाला? आठवड्यातून तीन दिवस, आधी वजन आणि नंतर हवं तर ट्रेडमिल असं उलटं करा. चार-पाच मोठे व्यायाम, खाली बसून उठणं, जमिनीवरून उचलणं, ढकलणं, ओढणं, आणि शेवटी दोन्ही हातात जड डंबेल घेऊन हॉलमध्ये चालणं, पकडीला यासारखं काही नाही. शेवटच्या दोन वेळा खरंच जड जातील एवढं वजन, आणि ठरलेल्या वेळा आरामात व्हायला लागल्या की वजन वाढवायचं, वहीत लिहून ठेवायचं.

दुसरं जेवण. तुमचं सकाळी चहा-पाव, दुपारी शीत-कडी (भात-आमटी) आणि एक बांगडा, संध्याकाळी चहाबरोबर भजी, रात्री पुन्हा भात, आणि सोमवार-गुरुवार शिवराक, म्हणजे शाकाहारी. यात प्रोटीन दिवसाला जेमतेम ४०-४५ ग्रॅम होतं. साध्या माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम धरतात, तुमच्या ६२ किलोला ५१ झाले, आणि ताकद वाढवायची असेल तर १.६ पर्यंत फायदा दिसतो, म्हणजे शंभराच्या आसपास. एका मध्यम बांगड्यात पंधरा-सोळा ग्रॅम मिळतात, म्हणून एकाचे दोन करा, सकाळच्या पावाबरोबर दोन-तीन अंडी, आणि शिवराक दिवशी कडीवर न भागवता मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची उसळ) किंवा अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक वाटीभर नाही तर ताटभर, वर दही. प्रोटीन पावडरचा डबा लागलाच तर शेवटी.

एवढं करून सगळ्यांना सारखाच फरक पडतो का, तर नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. ५८५ तरुणांना १२ आठवडे एका हाताचा तोच व्यायाम दिला होता, त्यात सरासरी ताकद निम्म्याहून जास्त वाढली पण कोणाची जवळजवळ शून्य आणि कोणाची अडीचशे टक्के. इथे जीन्सचा हात नक्की आहे. तुमचा चुलतभाऊ सहा महिन्यांत तुमच्या पुढे गेला असं तुम्ही लिहिलंय, तो कदाचित त्या वरच्या टोकाचा असेल. तुम्ही कुठल्या टोकाला आहात ते कुठलीही टेस्ट सांगणार नाही, सहा महिन्यांची वही सांगेल, आणि दोन वर्षं वजनच न वाढवल्यामुळे तुम्ही ही परीक्षा अजून दिलेलीच नाही.

काही गोष्टी मात्र माझ्या उत्तराबाहेरच्या आहेत. दम, थकवा, पायात मुंग्या असतील तर थायरॉईड, बी-१२, डी, साखर तपासून घ्या. आणि घरात कोणाला जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उठावं लागत असेल, ताकद वर्षागणिक कमी होत असेल, लहान मुलगा सारखा पडत असेल आणि पोटऱ्या नको तेवढ्या फुगलेल्या दिसत असतील, तर ते जिमचं काम नाही, सरळ न्यूरोलॉजिस्टकडे जायचं. तिथे जीन टेस्ट खरंच लागते आणि ती डॉक्टर सांगतात.

मुलाबद्दल. त्याची अर्धी जीन्स तुमची, अर्धी आईची, ती वाटणी झाली, त्यात करण्यासारखं काही नाही. पण या वयात घराचं वळण सगळ्यात जास्त चालतं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास धावपळ आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडं-स्नायूंना ताण देणारे खेळ सांगते. झाडावर चढणं, लोंबकळणं, कबड्डी, शिगम्याला ताशाबरोबर नाचणं, सगळं चालतं. सुट्टीत त्याला आठ-पंधरा दिवस काकाकडे कुळागरात सोडा, हातपाय खरचटतील, खरचटू देत.

आणि आता ज्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसले ते. तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ आहे की चार वर्षांपूर्वी बाबा माडावरून पडले, तेव्हापासून काम बंद, आता ६९ आहेत, दिवसभर ओसरीवर बसतात, पेज आणि लोणचं एवढंच मागतात, आणि हल्ली खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकतात. मला तुमच्या ३१ पेक्षा या ओळीची काळजी जास्त वाटली. सगळं रक्तातच असतं तर जो माणूस तीस माड चढायचा त्याच्यावर चार वर्षांत खुर्चीला हात टेकायची वेळ आली नसती. जीन्स तीच आहेत, काम गेलं, जेवण गेलं. पकड कमी असणं हे पुढच्या दुखण्यांचंही लक्षण असतं, भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या २०१५ च्या अभ्यासात पकड दर पाच किलोंनी कमी तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला.

यातून वर येता येतं. १९९० मध्ये अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला, नऊ जणांनी पूर्ण केला, ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत. बाबा तर ६९ चेच आहेत आणि त्यांच्या अंगाला पन्नास वर्षांच्या कामाची ओळख आहे. आधी त्यांच्या डॉक्टरांकडून बीपी, हृदय, किडनी आणि जुनं फ्रॅक्चर बघून घ्या, पडल्यावर कमरेला काय झालं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. किडनी ठीक असेल तर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन, पेज बंद करू नका, पेजेबरोबर अंडं किंवा मऊ शिजवलेले मूग किंवा मासा द्या, दात नसतील तर कुस्करून.

रविवारी गावी जाल तेव्हा एक करा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, बाबांना छातीवर हात घडी घालून पाच वेळा उभं राहून बसायला सांगा, तुम्ही शेजारी उभे राहा, फोनवर वेळ लावा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पाय कमजोर झालेत असं धरायचं. हात न टेकता एकदाही उठता आलं नाही तर जबरदस्ती करू नका, खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा आणि पुन्हा बघा. किती सेकंद लागले, किती उशा लागल्या आणि कमरेचं काय झालं होतं एवढं मला लिहा, त्यावरून त्यांचा पहिल्या महिन्याचा व्यायाम लिहून देते.